वाचून झालं की जाळ

खोका क्रमांक चौदा. विस्कॉन्सिन, अठराशे अठ्ठ्याऐंशी.
त्रेसष्ट पत्रं, दोन हस्ताक्षरं,
आणि एका पाकिटात चुकून राहिलेला
सिगारीचा सोनेरी कागदी पट्टा.

फिनियस ट्रास्कचं अक्षर उजवीकडे कललेलं,
गाडी सुटतेय आणि हा फलाटावर पाठीला पाठ लावून लिहितोय, तसं.
एझ्रा वॉडलीचं गोल, मास्तरी,
एकेक टिंब नेमल्या जागी.

ट्रास्क लिहितो:
"नॉर्वेवाल्यांच्या वस्तीत जाशील तेव्हा
कॉफीला नाही म्हणू नकोस. तिसऱ्या पेल्यालासुद्धा.
उठताना म्हणायचं: ताक फोर मातेन.
जेवणाबद्दल आभार, एवढाच अर्थ.
उच्चार चुकला तर हसतील. हसू दे.
हसलेला माणूस मत देऊन जातो.
आणि तो काळा कोट नको,
त्यात तू वसुलीला आल्यासारखा दिसतोस.
वाचून झालं की जाळ."

वॉडली:
"तीन शब्द पाठ केले. तू म्हणालास तसे हसले.
कॉफीमुळे रात्रभर टक्क जागा.
कोट मार्थाच्या वडिलांचा आहे, तिला काय सांगू?
तुझं पत्र जाळलं."

जाळलं नव्हतं.
घडीवर विरलंय, पण माझ्या टेबलावर आहे.

सप्टेंबरच्या शेवटी बॅस्कमची लाकूडगिरणी पेटली.
वॉडलीची त्या आठवड्यातली ओळ पहिल्यांदाच वाकडी:
"सात पेट्या होत्या, फिनियस. दोन फारच हलक्या.
एका बाईसमोर येऊन उभा राहिलो,
गेल्या महिन्यात तिच्याकडे जेवलो होतो.
काहीतरी बोलायला हवं होतं, तिच्या भाषेत.
मला तेवढंच येत होतं.
तेच बोललो.
कुणी हसलं नाही.
लोक म्हणतात, दाराला कडी बाहेरून होती,
दुपारी कुणी गुत्त्यावर जाऊ नये म्हणून.
मी सभेत विचारू का?"

ट्रास्कचं उत्तर दुसऱ्याच दिवसाचं,
म्हणजे रात्रीच्या टपालगाडीनं धाडलेलं:
"बँडचे पैसे बॅस्कमचे. झेंड्यांचं कापड बॅस्कमचं.
तू आज जे बूट घातलेस
त्यांचं बिल माझ्याकडे आहे, त्यावर नाव वाच.
मूग गिळून बस. अकरा तारखेला पुलाबद्दल बोल.
पूल सगळ्यांना आवडतो.
जाळ."

अकरा तारखेला तो पुलाबद्दल बोलला.
एकसष्ट मतांनी आला.

पुढची पत्रं पातळ होत जातात.
ट्रास्क मेहुण्यासाठी पोस्टमास्तरची जागा मागतो,
एकदा, दोनदा,
तिसऱ्यांदा मेहुण्याच्या खोकल्याचं निमित्त काढून.
उत्तर टंकलेलं, खाली चिटणिसाची सही:
आपले पत्र पोचले.
गरज सरली होती, दुसरं काय.

गंमत अशी, की ट्रास्कही काही जाळत नव्हता.
आपल्या प्रत्येक पत्राची ओली शाई
पातळ कागदावर दाबून नक्कल ठेवत होता.
त्याच्या मुलीनं ती वही आम्हाला दिली,
आलेल्या जागी डाग आहेत, तेवढे माफ करा म्हणाली.

तळाशी एक पाकीट, एकोणीसशे तीन. तिकीट नाही.
वॉडलीचं अक्षर आता थरथरतं:
"कडीचं तुला आधीपासून माहीत होतं का?
आता सांगायला हरकत नाही. आता कोण मत मागतंय."
पाकीट चिकटवलेलं होतं.
मीच उघडलं, या मंगळवारी, वाफ देऊन.

नोंदपत्रावर 'विषय' असा रकाना असतो.
मी लिहिलं: निवडणूक, लाकूड, पूल.
सातांपैकी एकाचंही नाव त्रेसष्ट पत्रांत नाही.
त्या बाईचं नाव गुनहिल्ड. तेही मला
ल्युथरन चर्चच्या वहीत सापडलं, नवऱ्याच्या नावापुढे,
पेन्सिलीनं.
रकान्यात दोन बोटं जागा उरली होती.
तिथे लिहिलं. पेन्सिलीनंच,
कारण वरिष्ठ तपासतात.